आंबिलीच्या वासाची गाडी

गाडी दारात उभी राहिली त्या दिवशी गल्लीतल्या प्रत्येकानं आधी तिचा नंबर वाचला आणि मग मला विचारलं, "कुठले पाहुणे आले म्हणायचे?" आमच्या मुरुम गावाला कर्नाटकाच्या गाड्यांचं नवल नाही. सीमा एवढी जवळ की आमच्यातल्या निम्म्या घरांत सुना तिकडून येतात आणि लेकी तिकडं जातात. पण केए नंबरची गाडी कुणाच्या दारात मुक्कामाला राहिली की ती पाहुण्यांचीच, असा गल्लीचा समज. "पाहुणे नाहीत हो, आमचीच आहे," हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

तोंडानं 'आमचीच' म्हणत होते. मनात 'माझी' म्हणत होते, आणि तसं म्हटलं की मला एकटीलाच हसू फुटत होतं.

त्याचं असं आहे. आमचं घर सासऱ्यांच्या नावावर होतं, ते सरांच्या नावावर आलं. शेत दिरांच्या नावावर. गॅस सरांच्या नावावर, आणि विजेचं बिल अजूनही वारलेल्या सासऱ्यांच्या नावानं येतं, ते बिचारे भरायला येत नाहीत एवढंच. ज्या कडक भाकरीच्या धंद्यात माझी बोटं भाजून निबर झाली, त्याच्या पाटीवर सासूबाईंचं नाव, 'शांताक्का गृहउद्योग'. शांताक्का चांगल्या होत्या, त्यांच्याबद्दल मी वावगं बोलणार नाही. पण त्यांनी जन्मात कधी कडक भाकरी विकली नाही. पाटी रंगवणाऱ्याला सरांनी नाव सांगितलं आणि त्यानं रंगवलं.

सर म्हणजे माझे यजमान, राजशेखर कलशेट्टी. हायस्कूलात गणित शिकवून निवृत्त झाले. घरात आम्ही सगळेच त्यांना सर म्हणतो. नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं, ही अडचण माझ्यापुरती अशी सुटली. माणूस सरळ आहे. फक्त जगातली सगळी कामं आपणच केली तर नीट होतात, असं त्यांना वाटतं, आणि त्यातली बरीच त्यांना येत नाहीत. गाडी चालवणं त्यातलंच. मी उमरग्याला जाऊन कॉलेजच्या पोरापोरींच्या रांगेत उभी राहून लायसन काढलं. सर शेजारच्या सीटवर बसतात आणि समोर म्हैस दिसली की जिथं ब्रेक नाही तिथं पाय दाबतात.

भाकरीचा माल सोलापूरला पोचवायला गाडी हवीच होती. पैसे धंद्यातले, म्हणजे माझे. गाडी माझ्या नावावर घ्यायची, हे मी दिवाळीआधीच बोलून ठेवलं होतं आणि सरांनीही "बरोबर आहे" म्हणून मान हलवली होती. मग कुणीतरी सांगितलं, कलबुर्गीकडं जुन्या गाड्या आपल्यापेक्षा स्वस्त मिळतात. आम्ही तिकडच्या एका डीलरकडं गेलो.

सर आत ऑफिसात कागद करत बसले. मी बाहेर त्या पांढऱ्या गाडीची डिकी उघडली आणि तिथंच थांबले. डीलरच्या माणसानं आत गुलाबाचा फवारा मारला होता, पण गुलाबाच्या खालून दुसराच वास वर येत होता. आंबूस, ताकाचा आणि ज्वारीच्या पिठाचा. आंबील! डिकीतल्या गालिच्यावर एक गोल डाग होता, मडक्याच्या बुडाएवढा. मला सगळं कळलं. आमच्याकडं मार्गशीर्षातल्या अमावस्येला येळवस असते. अख्खा गाव घरांना कड्या घालून शेतात जेवायला जातो, आणि आंबिलीचं मडकं घरून शेतावर न्यायचं असतं. ते या डिकीतून जात होतं, रस्त्यातल्या खड्ड्यांत हिंदकळत होतं, वर्षानुवर्षं. आपल्यासारख्याच कुणाची तरी गाडी आहे, असं वाटून मला ती एकदम आवडून गेली. इंजिन बघायचं सोडून बाई डागावर भाळली, असं सर नंतर सगळ्यांना सांगत फिरले.

गाडी आली, पण कागद येईनात.

धाराशिवला आरटीओच्या बाहेर टेबल टाकून बसणारे जाफरभाई आमचं काम बघत होते. तोंडात सुपारी आणि कुणाच्याही घाईनं न हलणारा माणूस. त्यांनी मला पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं होतं. "भाभी, पयले तिकडची एनओसी पायजे. आमची काय हरकत न्हाई, गाडी जाऊ द्या, असं तिकडच्यांनी म्हणायचं. ती आली की इथं टॅक्स भरायचा, साहेब गाडी बघणार, चेसिसचा नंबर ताडून घेणार, मंग तुमचा एमएच पंचवीस. एनओसीचा अर्ज जुन्या मालकाच्या नावानं जातो. त्यान्ला मोबाइलवर ओटीपी येतो. तो सांगितला की काम फत्ते."

जुना मालक म्हणजे शिवगंगाव्वा नावाची एक म्हातारी निघाली. गाव कर्नाटकातल्या आळंदच्या अलीकडं, आमच्यापासून तासाभराच्या आत. गाडी तिच्या नावावर होती. डीलरला विकली तिच्या मुलानं, रुद्रेशनं, जो बेंगळुरूला असतो. विक्रीच्या कागदांवर सह्या तिच्याच होत्या, त्यात काही खोट नव्हती. पण ओटीपी तिच्या फोनवर यायचा आणि म्हातारी तो कुणालाच सांगत नव्हती. डीलरला नाही, मुलाला नाही, जाफरभाईंनाही नाही.

"फोनवर तुमच्या कानडीत कायतरी इचारती," जाफरभाई म्हणाले. "मला कुठं येतंय कानडी. म्या आपलं अर्जावर हाय ते समदं वाचून दाखवतो. गाडीचा नंबर, घेणाऱ्याचं नाव, पत्ता. ती निवांत ऐकून घेती आन् फोन ठेवती."

माझं माहेर तिकडचं, कानडी मला आईच्या दुधाबरोबर आलेली. मी मोठ्या ऐटीत फोन लावला. "अव्वा, गाडीचा तो ओटीपी..." एवढंच बोलले आणि फोन बंद. पुन्हा लावला तर उचललाच नाही. रुद्रेशला विचारलं तर तो ओशाळून म्हणाला, "बँकवाल्यांनी सांगून ठेवलंय तिला, कुणालाच सांगायचा नाही म्हणून. मी तरी काय करू, काकू?"

शेवटी डीलरनं सांगितलं, संक्रांतीपर्यंत बघा, नाही जमलं तर गाडी परत आणून सोडा आणि पैसे घेऊन जा. त्याच्या दृष्टीनं सरळ व्यवहार होता. मी मात्र रात्री जेवताना ताट अर्धं ठेवून उठले. मला भीती वाटली, हे कबूल करते. लाजही वाटली, की एवढ्याशा गोष्टीसाठी या वयात रडू कसं येतं. घर बांधताना, शेत वाटताना मी कधी हूं की चूं केलं नव्हतं. आता गाडीच्या एका कार्डावर माझं नाव यावं एवढंच मागत होते आणि तेही एका अनोळखी बाईच्या फोनमध्ये अडकून बसलं होतं.

येळवस जवळ आली तशी माझ्या डोक्यात एक युक्ती आली. येळवशीला शेतात आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय कुणी जाऊ देत नाही. ओळखीचा असो, नसो, वाटसरू असो, हात धरून बसवतात. सीमेच्या अलीकडं काय आणि पलीकडं काय, रीत एकच. आणि आपल्या हातचं जेवलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणणं कुठल्या म्हातारीला जमतं?

"तू बाई वकील व्हायची ती भाकरी थापत बसलीस," सर म्हणाले.

"चला मुकाट्यानं," मी म्हणाले. आमच्या शेतातली येळवस जाऊबाईंवर सोपवली, डब्यात कडक भाकरी आणि तिळाच्या पोळ्या भरल्या आणि सकाळीच गाडी काढली.

त्या दिवशी रस्ते कसे असतात ते आमच्या भागातल्या माणसालाच माहीत. गावं ओस, दुकानं बंद, आणि शेतांतून धूर. सरांचा पाय अधूनमधून खाली दाबला जात होता. शिवगंगाव्वाच्या गावात एक म्हातारा तेवढा पारावर होता, त्यानं गाडीकडं बघितलं आणि आम्ही काही विचारायच्या आधीच हात करून वाट दाखवली. गाडी गावात सगळ्यांना ठाऊक होती.

शेताच्या बांधावर गाडी थांबली तशी कडब्याच्या खोपीपाशी बसलेली एक बाई उठली. सत्तरीची असेल. काटक, कपाळावर विभूतीचे पट्टे, पदर कमरेला खोचलेला. ती चालत आली ती आमच्याकडं न बघता थेट गाडीच्या मागं गेली. "उघड," म्हणाली. मी डिकी उघडली. तिनं वाकून आत वास घेतला.

"धुतली न्हाईस व्हय?"

"दोनदा धुतली, अव्वा. जात नाही."

"जाणारबी न्हाई," ती म्हणाली आणि पहिल्यांदा हसली. "बा यव्वा, बा," म्हणजे ये बाई, ये. "जेवायला चला."

तिकडची जुनी माणसं मराठी बोलतात, फक्त मधूनच वाक्य कानडीत वळतं. खोपीत पांडव म्हणून चुन्यानं रंगवलेले दगड मांडले होते, पुढं हिरवी साडी आणि नैवेद्य. तिच्या भावकीतली माणसं जेवून हरभऱ्यात पांगली होती. तिनं आम्हाला पत्रावळी मांडल्या. ओल्या दाण्यांची आणि पालेभाजीची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, गव्हाची खीर, आणि गाडग्यातून आंबील. भज्जी अशी की मी दोनदा मागून घेतली. सरांनी तर तिसऱ्यांदा. ओटीपीचं कुणी नाव काढलं नाही. माझी युक्ती माझ्यावरच उलटली होती. एवढं प्रेमानं वाढलेलं खाऊन झाल्यावर आता मागायचं कसं, तेच मला कळेना.

शेवटी तिनंच विचारलं. फोन पदराच्या गाठीतून काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "यार हेसरम्याल?" म्हणजे कुणाच्या नावावर.

"माझ्या," मी म्हणाले. आणि ते म्हणताना छाती जरा पुढं आली असेल, नाही म्हणत नाही.

तिनं मला न्याहाळलं, मग सरांना. "मंग धाराशिवचा तो माणूस फोनवर बाप्याचं नाव वाचतोय ते?"

"चुकून वाचलं असेल."

"चार डाव चुकंल व्हय?"

मी सरांकडं बघितलं. त्यांच्या हातातला उंडा भज्जीत बुडालेला तसाच राहिला होता. वर्गात उत्तर न आलेल्या पोरासारखी त्यांची मान खाली गेली होती.

"सर?"

"त्या डीलरनं विचारलं, नाव सांगा," ते हळू बोलले. "तू बाहेर डिकीपाशी होतीस. नाव विचारलं की माझ्या तोंडात माझंच येतं गं. आधार कार्ड मागितलं, खिशात माझंच होतं."

"आणि मग?"

"घरी आल्यावर ध्यानात आलं. म्हटलं, सांगावं. मग म्हटलं, एकदा नंबर येऊ दे, मग बदलून घेऊ. आणि... चालवणार तर तूच आहेस. काय फरक पडतो."

चुकीचा मला एवढा राग आला नाही. चूक माणसाकडून होते. पण त्या 'काय फरक पडतो'नं माझ्या कानशिलात जाळ झाला. आयुष्यभर घरात प्रत्येक कागदाच्या वेळी हेच वाक्य ऐकत आले होते मी, कधी सासऱ्यांकडून, कधी दिरांकडून, आणि दरवेळी मान डोलावली होती. फरक पडत नाही तर मग एकदा तरी माझं नाव घालायचं होतं. पडत नव्हता ना फरक! हे सगळं मी बोलले नाही. परक्याच्या शेतात, वाढलेल्या पानावर बसून बोलता येत नाही. माझे डोळे भरले आणि मी खीर चिवडत बसले.

शिवगंगाव्वानं आंबिलीचं गाडगं जवळ ओढलं. मग तिनं सरांना विचारलं, "तुमाला चालवता येती?"

"नाही."

"हं," ती म्हणाली आणि त्यांच्या गाडग्यात आणखी आंबील ओतली. "प्या. येळवशीला अर्धं टाकून उठायचं नसतंय."

सरांनी ती खाली मान घालून प्यायली.

मग ती माझ्याशी बोलू लागली. सरांना ऐकू जात होतं, पण बोलत होती माझ्याशीच. "माझ्या बाची जमीन होती, काळीभोर. बा गेल्यावर भाऊ कागद घेऊन आला. अक्का, हितं सही कर. केली. भाऊच की. त्यानं त्याच्या मनानं पैसं दिलं, त्याची म्या ही गाडी घेतली. आमचे मालक हसले, म्हातारीला गाडी कशाला म्हणून. म्या म्हणलं, जमीन सहीनं गेली, आता सहीनं कायतरी येऊ द्या. पुढच्या शिटावर बसून समदीकडं फिरले. गाणगापूरला गेले, लेकीच्या बाळंतपणाला गेले. मालक गेले, चालवणारा भाचा गेला कामाला. गाडी उभी राहिली. मंग लेक आला कागद घेऊन. अव्वा, हितं सही कर."

"केलीत?"

"केली की. हाताला सवयच हाय. सही मागितली की हात पुढं." तिनं फोन उचलून दाखवला. "पण ह्यो नंबर माझ्या फोनात येतोय. सहीपुरती सोडली तर अक्षरं मला येत न्हाईत, आकडे येत्यात. एवढंच माझ्या हातात उरलंय. म्हणून म्या ठरवलं, इचारायचं. यार हेसरम्याल? पुन्यांदा बाप्याच्याच नावावर जाणार असंल तर माझ्या म्हातारपणी मला घाई न्हाई. बसू दे समद्यांना."

बांधावरनं कुणीतरी हाका मारत होतं. पोरं पिकावर आंबील शिंपडत पळत होती. तिनं फोन परत पदराच्या गाठीत बांधला.

"कागद बदलून आण," ती मला म्हणाली. "मंग फोन तू कर. दुसऱ्या कुणाचा उचलणार न्हाई. सांगते आकडे."

परतीच्या वाटेवर आडवी आलेली म्हैस मी अगदी जवळून चुकवली, पण सरांनी एकदाही पाय दाबला नाही. सीमा ओलांडल्यावर म्हणाले, "महेश्वरी, चुकलं माझं." मी म्हणाले, "चुकलंच." एवढंच बोलणं झालं. घरी गेल्यावर मी त्यांना चहा दिला, पण आधी स्वतः घेतला.

दुसऱ्या दिवशी सर एकटे निघाले. गाडीनं सोडते, असं मीही म्हटलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. माझं आधार कार्ड शर्टच्या खिशात घालून, एसटी बदलत बदलत ते डीलरकडं गेले आणि जुना अर्ज रद्द करून आले. डीलरला मुदत वाढवायला लावली. मग धाराशिवला जाऊन जाफरभाईंच्या टेबलापाशी बसून राहिले. जाफरभाईंनी नंतर मला सांगितलं, "भाभी, सरांनी मला अर्जावरचं नाव तीन डाव वाचायला लावलं. पेपर तपासल्यावानी बोट ठेवून."

अर्ज नव्यानं गेला तशी मी शिवगंगाव्वाला फोन लावला. जाफरभाई लॅपटॉप उघडून समोर बसले होते. पहिल्याच रिंगला तिनं उचलला.

"यार हेसरम्याल?"

"महेश्वरी कलशेट्टी. माझ्या, अव्वा."

"घे मंग." ती एकेक आकडा सुटा सुटा सांगू लागली. नाल्कु. टाकलास? टाकला. ओंदु. टाकलास? टाकला. सोन्ने. दर आकड्याला ती थांबायची, मी जाफरभाईंना मराठीत सांगायचे, ते बटण दाबायचे. शेवटचा आकडा सांगून झाला आणि पलीकडून काहीच आवाज येईना. मला वाटलं फोन कटला.

"अव्वा?"

"हाय की." मग म्हणाली, "आता माझ्या नावावर कायबी ऱ्हायलं न्हाई."

तक्रार म्हणून नव्हे, शेतातलं काम संपलं असं सांगावं तशी म्हणाली. जाफरभाईंनी स्क्रीन माझ्याकडं वळवून अंगठा दाखवला, सर आनंदानं काहीतरी बोलले, आणि मी फोन कानाला तसाच धरून उभी राहिले.

पुढचं सगळं सरळ झालं. एनओसी आली. टॅक्स भरला. धाराशिवला मैदानात गाड्यांची रांग लागली होती, उन्हात आम्ही उभे राहिलो. साहेबांनी वाकून चेसिसचा नंबर बघितला, कागदाशी ताडला आणि मान वर न करता विचारलं, "गाडी कुणाची?" सवयीनं सरांचं तोंड उघडलं होतं, मी बघितलं. पण ते एक पाऊल मागं सरले आणि म्हणाले, "ह्यांची."

कार्ड पोस्टानं आलं. पोस्टमननं दारात माझं सबंध नाव मोठ्यानं वाचलं आणि सही मागितली. शेजारणी बघत होत्या. मी मुद्दाम सावकाश सही केली.

ज्वारी काढणीला आली होती तेव्हा आम्ही शिवगंगाव्वाकडं गेलो. न कळवता. गाडीला नवी पाटी होती, एमएच पंचवीसची. पारावरचा म्हातारा यावेळी पाटीकडं बघून गोंधळला, मग गाडीकडं बघून त्यानं हात केला. ती घरीच होती, अंगणात तूर पाखडत. मी तिच्या हातात कार्ड दिलं.

तिनं ते उन्हाकडं धरलं. "तुझं नाव कुठं?"

मी बोट ठेवून दाखवलं. तिनं त्यावर आपलं बोट ठेवलं आणि अक्षरांवरून सावकाश फिरवलं. न वाचता येणारं माणूस वाचतं तसं. मग कार्ड डोळ्यांजवळ नेलं. आकडे तिला येत होते.

"आन् ह्यो दोन कशाचा?"

"मालकाचा नंबर. या गाडीची मी दुसरी मालकीण."

"मंग पयली?"

"पयल्या तुमी की, अव्वा. म्हणून तर मी दोन. ही गाडी उद्या कुणाच्याबी नावावर जाऊ दे, मोजायला तुमच्यापासनंच लागणार. ते कुणाला खोडता येत न्हाई. सही घेऊनबी न्हाई."

ती बराच वेळ त्या दोनकडं बघत राहिली. सूप मांडीवरून कधी खाली आलं तिला कळलं नाही. डोळे पुसले नाहीत, पाणी तसंच गालावरून आलं, विभूतीचा एक पट्टा ओला झाला. मग तिनं कार्ड पदराला पुसून माझ्या हातात ठेवलं आणि माझी मूठ आपल्या हातानं मिटवली.

"जपून ठेव," म्हणाली. "आन् तिसरीला देशील तवा नाव इचारून दे."

मी गाडीकडं वळले. तिला शेतापर्यंत एक चक्कर मारून आणायची, असं घरूनच ठरवून आले होते. पुढचं दार उघडून धरलं. सर आधीच मागच्या सीटवर जाऊन बसले होते.